लांबट शिक्का

आयुष्यात मी एकच गोष्ट स्वतःच्या डोक्यानं काढली, ती म्हणजे एक रबरी शिक्का. लांबट, लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईत बुडवायचा. त्यावर चार शब्द होते : ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या, तेव्हा सगळ्यात आधी तो शिक्का आठवला. त्यात गंमत किती आणि इतर काय किती, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

संस्थान विलीन झालं आणि आम्ही कोल्हापूरचे दरबारी कारकून एका सकाळी मुंबई राज्याचे कारकून झालो. टेबल तेच, खुर्ची तीच, खुर्चीतले ढेकूण तेच. कागदाच्या माथ्यावरचं नाव तेवढं बदललं. मला एका जिल्हा कचेरीत आस्थापना शाखेत बसवलं. आस्थापना म्हणजे तुम्ही नेमकं करता काय, असं माझी बायको लग्नाला दहा वर्षं झाली तरी विचारायची. काम सोपं होतं. कचेरीत जागा रिकामी झाली की जाहिरात काढायची, अर्ज घ्यायचे, आवक नोंदवहीत चढवायचे, यादी करून मुलाखती लावायच्या आणि साहेबांची सही झाली की नेमणुकीचा हुकूम टाइप करायचा. सरकार सरकार म्हणतात ते शेवटी माणसांचं बनतं, आणि ती माणसं ज्या दारातून आत येतात त्या दाराची कडी माझ्याकडं होती. कडी म्हणजे सत्ता नव्हे, हे मात्र मला फार उशिरा कळलं. नुसतं कडी काढायला विसरलं तरी एखाद्याचा जन्म बाहेर जातो.

अर्जदारांचे नमुने सांगायचे तर हा अंक पुरायचा नाही. शिपायाच्या जागेसाठी एकानं ‘अनुभव’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘तालमीत सात वर्षे’. आमच्या तेव्हाच्या साहेबांना कुस्तीचा शौक, गडी लगेच चिकटला. गणपा त्याचं नाव. त्यानं एकही फाईल कधी वेळेवर आणली नाही, पण तो दारात बसायला लागल्यापासून साहेबांशी भांडायला येणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली आला. दुसरा एक गृहस्थ दोन जन्मतारखांचे दोन दाखले घेऊन आला. यातली खरी कुठली, असं विचारलं तर म्हणाला, “तुमच्या नेमात बसंल ती लिवा की.” मी ती लिहिली. तो सुखानं निवृत्त झाला.

या वयाच्या भानगडीबद्दल जरा सांगायला हवं, कारण पुढं तिच्याशी गाठ आहे. कारकुनाच्या जागेला आमच्याकडं वय पंचवीसच्या आत हवं अशी अट होती, आणि वय मोजायचं ते अर्जाच्या दिवशी नव्हे, तर कामावर हजर व्हायच्या दिवशी. हा शहाणपणा कुणाचा ते मला कधी सापडलं नाही. अर्ज आमच्याच टेबलावर चार महिने पडून राहायचा आणि वय मात्र उमेदवाराचं वाढायचं.

आता शिक्क्याकडं येतो. मागासलेल्यांना सरकारी जागा राखून ठेवणं ही गोष्ट आम्हा कोल्हापूरकरांना नवी नव्हती. निम्म्या जागा त्यांना, हा हुकूम संस्थानात माझ्या जन्माआधीचा. मी स्वतः त्याच हुकमाच्या जोरावर चिकटलो. आमचं घर लिंगायत, गुळाच्या अडतीचं, घरातलं बोलणं निम्मं कानडी. आमच्या कुळात सरकारी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कुणी बसलं नव्हतं. माझ्या नेमणुकीचा कागद आला तेव्हा वडिलांनी तो पेढीवर गादीखाली ठेवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला काढून दाखवला. आठवड्याभरात कागदाला गुळाचे डाग पडले. अव्वानं, म्हणजे आईनं, तो पुसायला घेतला तर तिच्यावर ओरडले.

नव्या राज्यातही जागा राखलेल्या होत्याच. त्या किती भरल्या, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी वर पाठवायचा. शेवटचा रकाना ‘न भरल्यास कारण’. शिपाई, झाडूवाले यांच्या जागा भरायच्या. कारकुनाची राखीव जागा मात्र भरायची नाही आणि कारण दर वेळी एकच. ते तक्त्यात लिहा, फाईलवर लिहा, अर्जदाराच्या उत्तराच्या कार्डावर लिहा. मनगट दुखायला लागलं. एका संध्याकाळी मी महाद्वार रोडच्या शिक्केवाल्याकडं गेलो आणि चार शब्द सांगून आलो. हेडक्लार्क बापूसाहेब शिक्का बघून खूश झाले. “मल्लाप्पा, डोकं चालतंय तुझं,” म्हणाले. नोकरीत त्यांनी माझी केलेली ही एकमेव स्तुती.

बापूसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांचा एकच ध्यास : आमच्या शाखेचे तक्ते जिल्ह्यात सगळ्यात आधी वर गेले पाहिजेत. पण कधीकधी तक्त्याची तारीख आधी यायची आणि अर्जांची मुदत नंतर संपायची. मग आम्ही मुदत संपायची वाट बघत नसू. शिक्का आधीच मारून ठेवायचा, त्याखाली बापूसाहेब तारखेसह सही करायचे आणि तक्ता रवाना. उमेदवार मिळाला नाही, हे सांगायला आम्ही कधी उशीर केला नाही.

उमेदवार येतच नव्हते का? येत होते. थोडे होते, पण होते. मी त्यांचे अर्ज नोंदवायचो, गठ्ठ्याला दोरी बांधायचो आणि कार्डावर शिक्का उमटवायचो. मनात कुणाविषयी वाईट नव्हतं. मनच नव्हतं त्या कामात. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा पाचला सुटून रंकाळ्यावर फिरायला जाताना काही वाटायचं नाही.

थोडे का यायचे, तेही सांगतो. जाहिराती लावायचा आमचा फळा कचेरीतल्या बोळात, माठांच्या शेजारी, दाराच्या मागं होता. कचेरी उघडी असली की दार उघडं, आणि दार उघडं असलं की फळा झाकलेला. वाचायचा तर आत जाऊन दार ओढून घ्यावं लागे. कचेरीच्या वेळात कचेरीचं दार लावायची हिंमत कोण करणार?

एकजण करायचा. उचगावचा शंकर कांबळे. मॅट्रिक झालेला, टायपिंग शिकलेला, शिडशिडीत तरुण. दर सोमवारी चालत यायचा, दार ओढून घ्यायचा, फळा वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि दार पुन्हा होतं तसं उघडून जायचा. बोळात अंधार झाला की आम्ही समजायचो, कांबळे आला. गणपा पहिल्यांदा ओरडला, “ओ पावणं, कचेरी हाय का घर हाय?” कांबळे शांतपणे म्हणाला, “फळा ह्या बाजूला लावा, दाराला हात बी लावायचा न्हाय मी.”  पुढं गणपाच दार ओढून द्यायला लागला. कांबळेनं तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा मी शिक्क्याचं कार्ड धाडलं. तिसरं गेलं तेव्हा त्याला पंचवीस पुरी व्हायला दोन महिनेसुद्धा राहिले नव्हते. अर्जावर जन्मतारीख होती. मी ती पाहिली नव्हती.

आणि मग समिती आली. सरकार माणसं नेमतं खरं, पण कुणाला नेमतं, कसं नेमतं, सगळ्या थरांतली माणसं आत येतात की ठरावीक आळीतलीच, हे विचारायचा हक्क निवडून दिलेल्या आमदारांचा. तर विधिमंडळाच्या सभासदांची एक समिती जिल्ह्याजिल्ह्यातून फिरत होती. तिचा कागद आला आणि कचेरीला चुना लागला. बापूसाहेबांचं अनुभवसिद्ध तत्त्व होतं की समितीचं पोट भरलं की प्रश्न निम्मे होतात. त्यांनी विश्रामगृहावर तांबडा-पांढरा रस्सा सांगून ठेवला. ‘ज्या कोणास समितीपुढे निवेदन द्यायचे असेल त्याने हजर राहावे’ अशी जाहीर सूचनाही काढायची होती. ती कुठं लावू, असं मी विचारलं. बापूसाहेब म्हणाले, लाव फळ्यावर, तिथं कोण वाचतंय. दुसरा दिवस सोमवार होता, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

समिती पाच जणांची, बसली ती विश्रामगृहावरच. चौघांनी रस्सा भरपूर घेतला आणि बापूसाहेबांचं तत्त्व खरं केलं. पाचव्या एक बाई होत्या, पूर्वाश्रमीच्या शिक्षिका. त्यांनी दही-भाकरी खाल्ली, हात धुतले, चष्मा लावला आणि वह्या तपासायला घ्याव्यात तसे आमचे तक्ते पुढ्यात घेतले.

तक्ता देखणा होता. मागासवर्गीयांच्या बेरजेचा आकडा चांगला भरगच्च, कारण झाडूवाले, पहारेकरी, हमाल सगळे त्यात धरले होते. साहेबांनी तो आकडा मोठ्यानं वाचला. बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, “यातले टेबलाच्या मागं बसणारे किती?”

साहेबांनी बापूसाहेबांकडं पाहिलं, बापूसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी तक्त्याकडं पाहिलं. एकही नव्हता. बापूसाहेब म्हणाले की योग्य उमेदवार मिळत नाहीत. बाईंनी शेवटच्या भरतीची फाईल मागितली. पानं उलटताना त्यांचं बोट शिक्क्यावर थांबलं, मग सहीखालच्या तारखेवर, मग दोन पानं मागं जाहिरातीवर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. सही झाली त्या दिवशी अर्ज घ्यायची मुदत संपायला अजून आठ दिवस बाकी होते, आणि उमेदवार मिळत नसल्याचं आम्हाला आधीच कळलं होतं.

त्याच वेळी गणपा आत येऊन म्हणाला की निवेदनासाठी एक पावणा बसलाय. कांबळे आला. धुतलेला सदरा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन कार्डं. लांबलचक भाषण करील असं वाटलं होतं. त्यानं कार्डं बाईंच्या पुढ्यात ओळीनं मांडली आणि एवढंच बोलला, “माझ्यात कमी काय हाय ते सांगा, बाई. सांगितलं की परत येत न्हाय.”

तीन कार्डं, चौथी फाईल. चारही ठिकाणी शिक्क्याची उजवी कड सारखीच फिकट उमटलेली, कारण रबर त्या बाजूला झिजला होता. बाईंनी विचारलं, हा शिक्का कुणी करवून घेतला?  बापूसाहेबांच्या कानशिलावर घाम आलेला मला दिसला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझं नाव विचारलं, किती वर्षं नोकरी झाली ते विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं, मी स्वतः कसा लागलो ते विचारलं. मी सांगितलं, संस्थानच्या हुकमाखाली, मागासलेल्यांच्या जागेवर.

“तेव्हा तुमच्या जागी जो कारकून होता त्याच्याकडं शिक्का नव्हता,” बाई म्हणाल्या. “नशीब तुमचं.”

घरी आलो तो जेवण गोड लागेना. वडिलांच्या गादीखालचा डागाळलेला कागद डोळ्यांपुढून हलेना. पण नुसतं वाईट वाटून कांबळेची जागा भरणार नव्हती. समितीचा अहवाल छापून होईस्तोवर वर्ष जाणार, आणि इकडं जन्मतारीख पाहिली तर त्याला पंचवीस पुरी व्हायला उणेपुरे वीस दिवस. सरकारी कागद कसा हळू चालवावा हे कुठलाही कारकून सांगेल. जोरात कसा पळवावा हेही आम्हाला येतं, फक्त तशी वेळ कुणी आणत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच मी टिपण लिहिलं : शेरा मुदतीपूर्वीचा, अर्ज मुदतीतला, सबब अर्जदारास मुलाखतीस बोलवावे. समिती अजून विश्रामगृहावरच होती, दुसऱ्या सकाळी साताऱ्याला जायची होती. ती गावात असेपर्यंतच साहेबांची सही स्वस्त होती. मी टिपणावर ‘तातडीचे’ची लाल चिठ्ठी लावली आणि बापूसाहेबांना ओलांडून थेट आत नेलं. साहेबांनी खिडकीतून विश्रामगृहाच्या दिशेला एकदा पाहिलं आणि सही केली.

बापूसाहेब माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी म्हणाले, मला विचारलं असतंस तर मीही सही केली असती. खरं असेल. विचारायला धीर झाला नव्हता.

शिक्का बाईंनी पुराव्यादाखल समितीच्या कागदांना जोडून नेला. सरकारी वस्तू कमी झाली की नोंद हवी, म्हणून जडवस्तूंच्या वहीत मी लिहिलं, ‘शिक्का, लाकडी मुठीचा, नग एक, विधिमंडळाकडे.’ पुढं कित्येक वर्षं दर तपासणीला तपासनीस त्या ओळीशी अडखळायचा आणि मला ती कथा सांगावी लागायची. मी ती गमतीनं सांगायचो.

मुलाखतीत साहेबांनी कांबळेला एक पत्र तोंडी सांगितलं. त्यानं लिहून पुढं ठेवलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडं सरकवला. अक्षर मोत्यासारखं, माझ्याहून कितीतरी चांगलं. त्या हातचे तीन अर्ज मी गठ्ठ्याला बांधले होते आणि अक्षर पहिल्यांदा त्या दिवशी पाहत होतो.

हुकमावर सही झाली ती शुक्रवारी तीन वाजता. रविवारी त्याला पंचवीस पुरी होत होती. म्हणजे हजर व्हायला शनिवारची अर्धी कचेरी तेवढी उरलेली. टपालानं कागद सोमवारी पोचला असता, माझ्या सहीशिक्क्यानिशी अगदी नियमाप्रमाणे. मी गणपाची सायकल काढली. सायकल पैलवानाच्या बेताची, माझे पाय पायंडलला जेमतेम पुरायचे. उचगावला पोचेपर्यंत धोतराचा सोगा साखळीत दोनदा अडकला.

घर सापडलं. कांबळे विहिरीवर गेला होता. त्याच्या आईनं घोंगडं टाकलं आणि जरा अडखळून विचारलं, “आमचा च्या चालंल न्हवं?” चालतंय की, म्हणालो. तिनं गुळाचा चहा टाकला. कपाला कान नव्हता. मी कचेरीचा माणूस म्हटल्यावर तिचं चहाकडं लक्ष राहिना. शेवटी मी कागद तिच्या हातात दिला.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. काहीतरी शोधत होती. म्हणाली, “ह्येच्यावर त्यो लांबडा शिक्का न्हाय न्हवं?”

मी सांगितलं, नाही, हा गोल आहे, कचेरीचा, हा नेमणुकीचा. तुमचा शंकर उद्यापासून कारकून. तिनं कागद कपाळाला लावला, पदरानं पुसला आणि फळीवर ठेवायला उठली. तेवढ्यात कांबळे घागर घेऊन दारात आला. माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि त्याला सगळं समजलं. घागर खांद्यावरून उतरवायचंसुद्धा तो विसरला.

म्हातारी फळीपाशीच उभी होती. “तीन डाव कार्ड आलं,” ती मला सांगू लागली. “लांबडा शिक्का दिसला की ह्यो दोन-दोन दिस जेवत न्हवता. पावणं, त्यो शिक्का मारायचं तरी कोन ओ?”

कांबळेला ठाऊक होतं. विश्रामगृहात मी उभा राहिलो तेव्हा तो माझ्यापासून चार हातांवर होता. मी कपातल्या चहाकडं बघत राहिलो.

“होता एक कारकून,” मी म्हणालो.

कांबळेनं घागर खाली ठेवली. “आई, पावण्यास्नी आनि जरा च्या दे की,” म्हणाला.

शनिवारी तो हजर झाला. माझ्या समोरच्या टेबलावर अकरा वर्षं बसला. एकत्र डबे खाल्ले, एकमेकांच्या घरची लग्नं केली. माझ्या त्या ‘होता एक कारकून’चा त्यानं एकदाही उल्लेख केला नाही. समितीपुढं उभा राहिलो म्हणून लोक माझं कौतुक करायचे. त्यात कौतुक कसलं? तिथं मी सापडलो होतो. उचगावात मला कुणी पकडलं नव्हतं, कुणी रागावणार नव्हतं, फक्त एक म्हातारी सरळ विचारत होती आणि तिच्या घरचा चहा माझ्या हातात होता.

म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. तिला हा अंक वाचून दाखवायला शंकरही आता नाही. तरी लिहून ठेवतो. मावशी, तो शिक्का मी मारायचो.